मिनिमम पुढे ढकलता येत नाही

अल्गॉल नावाचा एक तारा आहे, ययाती तारकासमूहातला, साध्या डोळ्यांना आरामात दिसतो. दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी तो मंद होतो. एरवी 2.1 प्रतीचा असतो, तो उतरत उतरत 3.4 पर्यंत जातो (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा म्हणजे तारा मंद, हे उलटं गणित हळूहळू अंगवळणी पडतं) आणि मग परत चढतो, उतरायला साधारण पाच तास, चढायला पाच. त्यात गूढ काही नाही, दोन तारे एकमेकांभोवती फिरतायत आणि त्यातला मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढ्यात आला की आपल्याला प्रकाश कमी मिळतो, बस्स. पण या बस्सपायी आमच्या घरात जितकी वादावादी झालीय तितकी पैशांवरूनही झालेली नाही.

त्याचं वेळापत्रक बघा. तीन दिवसांतून 2 दिवस 20 तास 49 मिनिटं वजा केली की 3 तास 11 मिनिटं उरतात. म्हणजे मंगळवारी रात्री, खरं तर बुधवार लागल्यावर, 2 वाजता तो सगळ्यात मंद असेल (याला आम्ही मिनिमम म्हणतो) तर पुढचं मिनिमम शुक्रवारी रात्री 10:49 ला, त्यापुढचं सोमवारी संध्याकाळी 7:38 ला, आणि त्यानंतरचं गुरुवारी दुपारी साडेचारला भर उन्हात, म्हणजे आपल्या काहीच कामाचं नाही. मग थांबायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा असा रात्रीचा घोळका येतो. आता यातलं बुधवारचं 2 वाजताचं घेतलं तर साडेनऊला कॉल असतो आणि त्यात माझाच डेमो असतो. शुक्रवारचं घेतलं तर त्या रात्री हमखास रिलीज असतो, शुक्रवारी रिलीज करायचा नाही अशी शपथ टीममध्ये सगळ्यांनी घेतलेली असूनसुद्धा. आणि सोमवारी संध्याकाळी 7:38 ला काय असतं हे ज्यांच्या घरात शाळेत जाणारं मूल आहे त्यांना मी काय सांगणार, वही सापडत नसते, उद्याचा प्रोजेक्ट आत्ता आठवलेला असतो आणि कोणीतरी रडत असतं, ते कोणीतरी कधीकधी मी असते.

लोक म्हणतात छंद असावा माणसाला, डोकं शांत राहतं. मला नाही पटत. माझ्या डोक्याला ऑफिसमुळे जितका ताप आहे त्यात या ताऱ्यांनी भरच घातलीय, फरक इतकाच की इथे बॉस नाही आणि एस्कलेशन करायला कोणी नाही. ऑफिसात डेडलाइन डेडलाइन म्हणून जीव काढतात आणि मग आदल्या दिवशी दुपारी एक मेल येतो की क्लायंटकडून काही आलं नाही, पुढच्या आठवड्यावर गेलं. असं इतक्यांदा झालंय की आता कोणी अर्जंट म्हटलं की मी आधी जेवून घेते. अल्गॉलचा असा मेल येत नाही. तो 2 ला म्हणजे 2 ला मंद होतो, मला झोप आलीय का, लेकीला ताप आहे का, माझं अप्रेझल कसं झालं, त्याला काय त्याचं. मला वाटतं मला या छंदात धरून ठेवलं ते याच गोष्टीने, दिवसभर ज्या तारखा खऱ्या मानून मी धावत असते त्या मुळात कोणाच्या तरी सोयीच्या असतात हे या एका तारखेशेजारी ठेवून बघितल्यावरच लख्ख दिसलं.

बरं, करायचं काय असतं नेमकं? तर अंदाज. गच्चीवर जायचं आणि काही न करता बसायचं, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, त्याच्या आधी बघितलेलं सगळं कच्चं. मग अल्गॉल शोधायचा आणि त्याच्या आसपासच्या, ज्यांचं तेज बदलत नाही अशा ताऱ्यांशी तो जुळवून बघायचा. देवयानीतला आल्माक 2.1 चा आहे, म्हणजे अल्गॉल नॉर्मल असेल तर दोघं सारखे दिसले पाहिजेत. ययातीतलाच एप्सिलॉन 2.9 चा, डेल्टा 3.0 चा. समजा अल्गॉल आल्माकपेक्षा मंद वाटतोय आणि एप्सिलॉनपेक्षा तेजस्वी, तर मधल्या अंतराचे मनातल्या मनात भाग पाडायचे आणि ठरवायचं की तो आल्माककडे जास्त झुकतोय की एप्सिलॉनकडे, आणि आकडा लिहायचा, 2.4 म्हणा, 2.5 म्हणा. पंधरावीस मिनिटांनी परत. लाल टॉर्चच्या उजेडात लिहायचं कारण अंधारात बघणाऱ्या पेशींना गडद लाल रंग जवळजवळ जाणवतच नाही, त्यामुळे कमावलेली नजर टिकते. आणि मागचा आकडा बघायचा नाही, ही सगळ्यात अवघड अट आहे, कारण तारा उतरतोय हे तुम्हाला माहीत असतं आणि मग डोळेही तुम्हाला खूश करायला लागतात, दरवेळी थोडं थोडं कमी दाखवतात.

यात एक मस्त सापळा आहे. अल्गॉलच्या अगदी शेजारी ऱ्हो नावाचा तारा आहे, जवळ आहे, सोयीचा आहे, नवीन माणूस पहिल्यांदा त्याच्याशीच तुलना करतो. आणि तो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा आहे, 3.3 ते 4 च्या दरम्यान हलत असतो. म्हणजे ज्याच्यावरून मोजायचं तोच जागेवर नाही. आमच्या ऑफिसातलं रेटिंग मला नेहमी या ऱ्होसारखं वाटतं, शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं यंदा काय झालं त्यावरून माझं ठरणार आणि त्याचं माझ्यावरून. यावर्षी खाली आलं माझं. राग आला, दोन दिवस कोणाशी धड बोलले नाही, मग नाइलाजाने कामाला लागले कारण त्याच आठवड्यात वॉशिंग मशीनने बाथरूमभर पाणी केलं आणि घरात रागावून बसायला कोरडी जागाच उरली नाही.

एकदा असं झालं की आकाश काचेसारखं स्वच्छ, घरात सगळे झोपलेले, मी अर्धा तास अंधारात बसून डोळे तयार केलेले, आणि खिशात मोबाइल वाजला. प्रॉडक्शन डाउन असेल या धसक्याने मी काढून बघितला. पूर्ण ब्राइटनेस. मॅनेजरचा मेसेज होता, ग्रुपवर, कोणाच्यातरी वाढदिवसाचा केकचा फोटो, बारा वाजले म्हणून. पुढची पंधरावीस मिनिटं मला ययातीच्या जागी एक चौकोनी हिरवट ठिपका दिसत होता. मी मॅनेजरला काही बोलले नाही, काय बोलणार, तुमच्या केकने माझं ऱ्होडॉप्सिन गेलं म्हणून? (ऱ्होडॉप्सिन म्हणजे डोळ्यातलं ते रसायन, अंधारात सावकाश साठतं आणि उजेडात झटक्यात फुटतं.) तेव्हापासून मोबाइल खालीच ठेवते, ऑन कॉल नसेन तेव्हा. ऑन कॉल असेन त्या आठवड्यात अल्गॉलला राम राम.

पण ऑफिसचं एक बरं असतं की तिथे काय मागतात ते सरळ कळतं. घरचं तसं नाही. आमच्या सासूबाई कधीच नको म्हणत नाहीत, त्या फक्त "जा हो, मी आहे ना" म्हणतात आणि त्या "मी आहे ना" मध्ये काय काय आहे हे मला पुरेपूर कळतं, त्यांचे गुडघे आहेत, त्यांची मोडणारी झोप आहे, आणि आमच्या वेळी असलं काही नव्हतं हेही थोडं आहे. नवरा फुटबॉल खेळतो, शनिवारी सकाळी, त्याला कोणी वेड म्हणत नाही, फिटनेस म्हणतात. माझं मात्र "हिचं आकाशाचं वेड". मी एकदा हे जेवताना बोलून दाखवलं तर तो म्हणाला, अगं पण मी दिवसा जातो. यावर काय उत्तर द्यायचं? तारे दिवसा लावायची सोय नाही म्हणाले, आणि लेक खो खो हसली, तेवढ्यावर तो विषय मिटला, म्हणजे मिटला असं दोघांनीही दाखवलं.

या विषयावर मला विल्यम हर्शलचं घर फार आठवतं. हर्शल हा छंदवाल्यांचा देव आहे, पेशाने संगीतकार, इंग्लंडमधल्या बाथ गावात ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या करायचा आणि रात्री स्वतः बनवलेल्या दुर्बिणी. 13 मार्च 1781 ला त्याने घराच्या मागच्या बागेतून युरेनस शोधला. पुढच्याच वर्षी राजाने 200 पौंड सालीना बांधून दिले आणि त्याने संगीताची नोकरी सोडली. नोकरी करता करता छंद करा आणि छंदाचीच नोकरी होईल, या स्वप्नाचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही. पण दुर्बिणीचा आरसा घासताना त्यावरून हात उचलायचा नसतो, एकदा त्याने सलग 16 तास घासला असं सांगतात, आणि त्या वेळी त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवायची आणि कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी वाचून दाखवायची. ही कॅरोलाइन गायिका होती. भावाने तिला गायला शिकवलं, ती मैफिलींत एकटीने गायची, बाहेरगावी गायचं बोलावणंही आलं होतं तिला. मग भावाला आकाश लागलं आणि तिचं गाणं मागे पडलं.

31 डिसेंबर 1783 ची रात्र, बर्फ पडलेला, भाऊ दुर्बिणीपाशी वर उभा राहून ओरडतोय लवकर कर लवकर कर, ही धावत गेली, घसरली आणि दुर्बिणीच्या सांगाड्याचा लोखंडी हूक तिच्या मांडीत घुसला. मांसाचा लचका निघाला. आणि तिने नंतर लिहून काय ठेवलं तर, त्या रात्री पुढे ढग आले, त्यामुळे माझ्या पडण्याने भावाचं काही नुकसान झालं नाही याचं समाधान वाटलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा काही क्षण काही सुचेना. कारण हे वाक्य मला ओळखीचं आहे, वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आजारी आहे पण बरं झालं आज रविवार आहे, त्यांची धावपळ नाही.

तिचा पहिला धूमकेतू तिला सापडला 1 ऑगस्ट 1786 ला. तेव्हा भाऊ जर्मनीला गेला होता. मी यावर जास्त बोलणार नाही, पण कोणी घरात "तू बघ, मी धरतो" म्हणायला असण्यापेक्षा कोणी "लवकर कर" म्हणायला नसणं हेही कधीकधी पुरतं. पुढच्या वर्षी तिला स्वतःचे 50 पौंड मिळायला लागले, भावाच्या पाव हिस्सा, पण स्वतःचे. एकंदर आठ धूमकेतू तिच्या नावावर आहेत आणि 97 वर्षं जगली.

तर छंदाचं बिल कोणीतरी भरत असतं. माझं सासूबाई भरतात, थोडं नवरा भरतो, आणि लेक भरते जेव्हा मी सकाळी तिला सात मिनिटांत तयार करताना चिडचिड करते. थोर लोकांच्या चरित्रांत हे घरचे एका ओळीत आटपतात. बंगालमध्ये जेसोरला राधागोविंद चंद्र म्हणून एक गृहस्थ होते, सरकारी खजिन्यात नाणी पारखायची नोकरी, 1912 ला त्यांनी 3 इंची दुर्बीण घेतली आणि 1918 मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा (अचानक भडकणारा तारा) उजळला तो स्वतःहून टिपला. अमेरिकेत रूपविकारी तारे बघणाऱ्या हौशी लोकांची संस्था आहे, 1911 ला एका वकिलाने सुरू केलेली, त्यांच्याकडे हे नोंदी पाठवायला लागले आणि त्यांचं काम बघून त्या संस्थेने थेट 6 इंची दुर्बीण समुद्रापार पाठवून दिली. आयुष्यभरात 37 हजारांहून जास्त नोंदी. दिवसभर नाणं खरं का खोटं बघायचं आणि रात्री तारा 8.2 का 8.3 ते. एका डोळ्यावर एवढी पारख! मला त्यांचं कौतुक आहेच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना हाका मारून उठवायचं काम कोणाकडे होतं हेही मला जाणून घ्यायला आवडलं असतं.

आणि इतकं करून पदरात काय पडेल याची हमी नाही. लेस्ली पेल्टियर हा ओहायोतला शेतकऱ्याचा मुलगा, उभ्या आयुष्यात 1 लाख 30 हजारांच्या वर नोंदी, डझनभर धूमकेतू. उत्तर मुकुटातला एक तारा, टी कोरोनी, 1866 ला अचानक भडकला होता, तो परत कधीतरी भडकेल म्हणून हा माणूस पंचवीसेक वर्षं त्याच्यावर नजर ठेवून होता. 1946 च्या फेब्रुवारीत एका पहाटे अडीचचा गजर लावून उठला, घसा दुखत होता, सर्दी होतेय असं वाटलं, म्हणून परत जाऊन झोपला. त्याच रात्री तो तारा भडकला. पंचवीस वर्षं आणि एक सर्दी! ऑफिसात एखाद्या प्रोजेक्टवर वर्ष घालवून ऐन प्रेझेंटेशनच्या दिवशी आजारी पडलेल्यांना ही गोष्ट मी आवर्जून सांगते, त्यांना बरं वाटतं का माहीत नाही, मला वाटतं.

मधे एका संध्याकाळी, तेच सोमवारचं 7:38 वालं मिनिमम, मी सगळं जमवून आणलं होतं. स्वयंपाक उरकलेला, वही सापडलेली, नवरा वेळेवर आलेला. गच्चीवर गेले तर शेजारच्या इमारतीवर नवा फ्लडलाइट, थेट माझ्या खुर्चीवर. मी पाण्याच्या टाकीच्या मागे जाऊन बसले, अंग चोरून, अर्ध्या तासाने कुठे आल्माक धड दिसायला लागला, आणि लेक वर आली. "आई, अजून किती मंद होणार तो?" म्हटलं बघ तू सांग, त्याच्यापेक्षा कोण तेजस्वी आणि कोण मंद. तिने खूप वेळ बघितलं, हाताने डोळ्यांशी कडं करून, आणि म्हणाली, हे दोघं सेम आहेत, आणि बोट दाखवलं ते अल्गॉल आणि ऱ्होवर. त्या वेळी खरंच जवळजवळ सेमच होते. मी तो आकडा वहीत लिहिला नाही कारण ऱ्हो चालत नाही, पण समासात तिचं नाव आणि "सेम" असं लिहून ठेवलं, वेळेसकट.

सध्या मी तारा बदललाय. हे सगळ्यांनाच आधी सुचतं, मला सुचायला अप्रेझल, वॉशिंग मशीन आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हावं लागलं. रूपविकारी ताऱ्यांत अल्गॉलसारखे तासांच्या हिशोबाने चालणारे असतात तसे महिनोन्‌महिने घेणारेही असतात. तिमिंगल तारकासमूहात मीरा आहे, 1596 ला फॅब्रिशियसने टिपलेला, त्याची एक फेरी साधारण 332 दिवसांची. जोरात असतो तेव्हा तिसऱ्या प्रतीच्या आसपास, कधी त्याहून चांगला, साध्या डोळ्यांना दिसतो, आणि उतरला की नवव्या प्रतीपर्यंत जातो, तेव्हा दुर्बिणीशिवाय नुसती काळी जागा. त्याला आठदहा दिवसांतून एकदा बघितलं तरी चालतं. आज रिलीज आहे, मग परवा बघू. परवा ताप आहे, मग रविवारी. मीरा सूर्याच्या फार जवळ जातो ते महिने सोडले तर तो कुठे जात नाही. 332 दिवसांचं चक्र असल्यामुळे त्याचा जोराचा काळ दरवर्षी महिनाभर अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षं तो नेमका सूर्याच्या उजेडात जातो आणि आपल्या हाती काही लागत नाही, ते सोसायचं. अल्गॉल सोडला असं नाही, वर्षातून एखादं मिनिमम सुट्टीच्या दिवशी बरोबर बसतं तेवढं धरायचं असं ठरवलंय. ऑपरेशननंतर सासूबाईंना रात्री उठवायला लागू नये हा मुख्य मुद्दा, आणि त्यांना तो सांगितला नाही कारण सांगितला असता तर त्या "मी आहे ना" म्हणाल्या असत्या.

नवऱ्याला म्हटलं, मीराला आठवड्यातून एकदा फक्त पाच मिनिटं लागतात. तो म्हणाला, तुझी पाच मिनिटं मी बघितलेली आहेत, आणि खरंच मोबाइलवर टायमर लावून जिन्यात बसला. पंचवीस झाली, पण त्यातली वीस एका ढगाची होती.